नसबंदीनंतर कुत्रीच्या टाक्यांची राखण: भर पावसात, कोकणातल्या घरी

प्रश्न गुहागरजवळच्या एका ताईंचा आहे. त्यांची सोनी ही अडीच वर्षांची गावठी कुत्री. पाच दिवसांपूर्वी तिचे नसबंदीचे ऑपरेशन झाले. पोटावर मधोमध टाके आहेत. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती शंकूसारखी कॉलर घातली की ती जेवत नाही, दारा-भिंतींवर आपटते, म्हणून घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी कॉलर काढून ठेवली. आता ती जखम चाटते. जखमेच्या खालच्या टोकाशी सुपारीएवढी गाठ हाताला लागते आणि एक टाका सैल झाल्यासारखा वाटतो. सासूबाई म्हणतात, हळद आणि खोबरेल लावा. पाऊस थांबत नाही, घरात माश्या आहेत, गणपती दहा दिवसांवर आले आहेत. टाके कधी काढायचे आणि सोनीला पुन्हा समुद्रावर कधी न्यायचे, हेही त्यांना हवे आहे.

ताई, आधी आजचे काम सांगतो. काढून ठेवलेली कॉलर शोधा आणि आत्ताच घाला. बाकीचे नंतर वाचलेत तरी चालेल. मग सोनीला खिडकीपाशी उजेडात आणा, ओठ वर करून हिरड्या बघा. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. सोनीच्या हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. हिरड्या गुलाबी आहेत, ती उठते-बसते, थोडे का होईना खाते, शेपूट हलवते, एवढे असेल तर आज रात्री घाबरून घाट चढायची गरज नाही. पण गाठ आणि सैल टाका ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना उद्या दाखवाच. ती गाठ कसली हे फोनवर कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

आता थोडे आतले समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे का करायचे ते आपोआप कळेल. बाहेरून तुम्हाला टाक्यांची एक रांग दिसते, पण आत तीन थर शिवलेले असतात. सर्वांत आत पोटाच्या स्नायूंना मधोमध जोडणारी पांढरी घट्ट पट्टी असते. सगळे आतडे पोटात धरून ठेवते ती हीच. तिच्यावर चरबीचा थर आणि त्यावर कातडी. आतले दोन थर बहुधा विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात, तो काढावा लागत नाही. कातडीचे टाके बहुतेक वेळा नायलॉनचे असतात, ते काढावे लागतात. कातडीचा एखादा टाका सैल झाला तर नुकसान थोडे असते. आतली पट्टी उसवली तर मात्र जिवाचा प्रश्न होतो. म्हणून सैल टाक्याकडे बघताना एवढेच बघा की कातडीच्या दोन कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत की मध्ये फट दिसते. कडा जुळलेल्या असतील तर तो टाका ओढू नका, कापू नका, गाठ घट्ट करायला जाऊ नका.

कातडीच्या कडा पहिल्या दोन दिवसांत वरवर चिकटतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखम भरल्यासारखी दिसते आणि घरातले निर्धास्त होतात. पण ती ताकद नसते. तीन आठवडे झाले तरी नव्या जोडाची ताकद मूळच्या कातडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तोवर सगळा भार धागा पेलतो. चौथ्या ते आठव्या दिवसांत दोन गोष्टी एकदम होतात: दुखणे कमी झाल्याने कुत्रे धावायला बघते, आणि भादरलेले केस नव्याने उगवू लागल्याने व जखम भरत असल्याने खाज सुटते, म्हणून ते चाटायला बघते. सोनी नेमकी त्याच दिवसांत आहे. माझ्याकडे टाके उसवून येणारी कुत्री बहुतेक याच आठवड्यातली असतात, आणि घरचे सांगतात ते एकच, की 'काल तर अगदी बरी होती.'

चाटण्याबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे, की कुत्र्याच्या जिभेत औषध असते. लाळेत जंतूंना थोडाफार आवर घालणारे घटक आहेत हे खरे, पण तोंडात जंतूही तितकेच असतात, आणि ते शिवलेल्या कातडीच्या भोकांतून आत जातात. शिवाय कुत्रे नुसते चाटून थांबत नाही. चाटता चाटता ते पुढच्या दातांनी धाग्याची टोके कुरतडते. हे बहुतेक रात्री होते, सगळे झोपल्यावर. एका रात्रीत अख्खी रांग मोकळी झालेली मी पाहिली आहे. म्हणून दिवसा आपण बघतो आहोत आणि रात्री कॉलर काढली, हे अगदी उलटे झाले. रात्री कॉलर हवीच हवी.

सोनी कॉलरला विटली ती बहुधा माप चुकल्याने. कॉलरची कड नाकाच्या टोकाच्या दोन बोटे पुढे आली पाहिजे. त्याहून आखूड असली तर जीभ जखमेपर्यंत पोहोचते, त्याहून फार लांब असली तर जनावर चालताना जमिनीवर घासते. गळ्याशी दोन बोटे आत जातील इतकी सैल ठेवा. जेवणाचे ताट पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवा, म्हणजे कड जमिनीला अडत नाही. पाणीही तसेच उंचावर. तरीही खात नसेल तर जेवणापुरती कॉलर काढा, पण ताट रिकामे होईपर्यंत शेजारून हलू नका आणि उठायच्या आधी परत घाला. पहिला दीड दिवस ती रुसते, कोपऱ्यात बसते, दाराला धडकते. बहुतेक कुत्री त्यानंतर सरावतात. दया येऊन काढू नका.

बाजारातली कॉलर मिळाली नाही तर जुन्या एक्स-रे फिल्मची उत्तम होते. आमच्या दवाखान्यांत पूर्वी सर्रास तीच वापरत. फिल्म शंकूसारखी वळवायची, कडेला चिकटपट्टी लावायची, गळ्याशी सुती कापड शिवून घ्यायचे. प्लास्टिकच्या छोट्या बादलीचा तळ कापूनही करता येते, फक्त कापलेली कड कापडाने मढवा. काही जण कॉलरऐवजी जुने बनियन किंवा टी-शर्ट घालतात: पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि मागे कमरेवर गाठ मारायची. एरवी हे चांगले, पण श्रावण-भाद्रपदात कापड दमट होते, लघवीने भिजते, आणि ओले कापड दिवसभर जखमेला चिकटून राहते. वापरायचेच असेल तर सुती, सैल, आणि दिवसातून दोनदा बदललेले. अंगावर न वाळलेले कापड घालण्यापेक्षा उघडी जखम आणि कॉलर हे कोकणच्या पावसाळ्यात केव्हाही बरे.

आता गाठीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. पाचव्या दिवशी टाक्यांच्या रांगेखाली किंवा टोकाशी गाठ लागणे ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि ती चार वेगवेगळ्या कारणांनी होते. पहिले म्हणजे आतल्या धाग्याच्या गाठीभोवती शरीर जी सूज धरते ती. ही कठीण, छोटी, न दुखणारी असते, वाढत नाही, आणि धागा विरघळत जातो तशी काही आठवड्यांत जिरते. जखमेच्या टोकांनाच धाग्याच्या मोठ्या गाठी मारलेल्या असतात, म्हणून ही गाठ बहुधा टोकालाच लागते. दुसरे, कातडीखाली लस, म्हणजे जखमेतून पाझरणारे पाणी, साठणे. ही मऊ, पाणी भरल्यासारखी थुलथुलीत असते, दाबली तर दुखत नाही, गरम लागत नाही. जास्त हालचाल केलेल्या कुत्र्यांत ही हमखास दिसते. विश्रांती दिली की बहुतेक वेळा शरीर ती लस शोषून घेते. ती सुईने काढायचा मोह कोणाला झाला तर हात धरा. सुईबरोबर जंतू आत जातात आणि नुसत्या पाण्याचा पू होतो.

तिसरे, पू. जागा लाल, तापलेली, हात लावला की कुत्रे गुरगुरते किंवा मान वळवते, टाक्यांतून पिवळट-हिरवट घाण येते, वास मारतो. याला औषध लागते आणि कधीकधी एखादा टाका काढून वाट करून द्यावी लागते. ते काम डॉक्टरचे. चौथे सर्वांत वाईट: आतली पट्टी उसवून चरबी किंवा आतडे कातडीखाली येणे. ही गाठ मऊ असते, सकाळी सुपारीएवढी आणि संध्याकाळी लिंबाएवढी होते, कुत्री उभी राहिली किंवा भुंकली की फुगते, आडवी झाली की लहान होते. दाबून आत जाते का हे घरी तपासू नका, त्या दाबाने आतडे अडकू शकते. तिला उभी करून बाजूने बघा, मग कुशीवर झोपवून बघा, उलट्या हाताने अलगद स्पर्श करून गरम आहे का बघा. बस, एवढेच. आणि गाठीचे माप रोज एकाच वेळी घ्या. शिवणाची टेप नसेल तर शेजारी एक रुपयाचे नाणे धरून फोटो काढा. गाठ वाढते आहे की आहे तेवढीच आहे, यावर डॉक्टरचा निम्मा निर्णय ठरतो.

सासूबाईंच्या हळद-खोबरेलाबद्दल मनापासून सांगतो. हळदीत सूज कमी करणारे गुण आहेत, आणि काट्याकुट्याने खरचटलेल्या उघड्या जखमेवर आपल्या आज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या लावली ती काही उगीच नाही. पण शिवलेली जखम वेगळी. तिच्या कडा जुळलेल्या आहेत, तिला आतून भरायचे आहे आणि वरून कोरडे राहायचे आहे. हळदीचा थर बसला की खाली लाली आहे का, लस येते का, काहीच दिसत नाही. तेल ओल धरून ठेवते, धूळ आणि केस चिकटवते. शिवाय खोबरेलाचा वास सोनीला किती आवडतो ते तुम्ही घरात पाहिलेच असेल. जखमेवर खोबरेल लावणे म्हणजे तिला चाटायला बोलावणेच झाले. सासूबाईंना सांगा की हळद चुकीची नाही, ही जागा तिची नाही. राख, तंबाखू, चुना, कॉफीची पूड यांचेही तेच. फिनेल, रॉकेल आणि डांबरगोळ्या मात्र थेट विष आहेत. कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातात. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हेही नको, कारण जंतूंबरोबर नव्याने उगवणारी कोवळी कातडीही त्यांनी जळते.

मग लावायचे काय? जखम कोरडी आणि स्वच्छ असेल तर काहीही नाही. डॉक्टरांनी दिलेला स्प्रे किंवा मलम असेल तर सांगितले तेवढेच. चिखल किंवा लघवी लागली तर अर्धा लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात सपाट पाऊण चमचा मीठ विरघळवा, स्वच्छ सुती कापड त्यात बुडवून पिळून जखमेवर टेकवा आणि उचला. घासायचे नाही. मग कोरड्या कापडाने टिपून घ्या. खपली ओढून काढू नका. समुद्राचे पाणी खारट असते म्हणून ते चालेल असे काही जण मानतात. ते चालत नाही. त्यात वाळू असते, खाडीच्या तोंडाशी गावाचे सांडपाणीही येते.

पावसाचे काय करायचे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. किनारपट्टीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. या दिवसांत हवेतच इतकी ओल असते की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत जखमेवर पट्टी बांधली तर आत घाम आणि ओल कोंडते. म्हणून पोटाच्या साध्या टाक्यांना मी पावसाळ्यात पट्टी बांधायला सांगत नाही. प्लास्टिक गुंडाळणे तर अजिबात नको. शी-शूसाठी बाहेर न्यावेच लागते. तेव्हा गळ्यात दोरी, हातात छत्री, आणि चिऱ्यांच्या फरसावरूनच न्या. गवतात सोडू नका. आपले गवत या दिवसांत गुडघाभर वाढलेले असते, ओले पाते पोटाला घासत जाते आणि गोचिडीही तिथेच असतात. शेताच्या बांधावर, साचलेल्या पाण्यात मुळीच नाही. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदराच्या मुतातून त्या पाण्यात येतात आणि ताज्या जखमेतून शिरायला त्यांना वाट मिळते. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून सोनीला चिखलातून आणल्यावर तिचे पाय पुसणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. घरात आल्यावर पोट कोरड्या कापडाने टिपा आणि पंख्याखाली बसवा.

बसायची जागा पडवीत नको. पडवीला पावसाची झड येते, माणसे ये-जा करतात, गुरांचा गोठा जवळ असला की माश्या तिथूनच येतात. ओटीच्या आतली किंवा माजघरातली कोरडी खोली बघा. शेणाने सारवलेली जमीन असेल तर त्यावर सतरंजी, वर धुतलेली सुती साडी किंवा गोधडी घाला आणि रोज बदला. गोणपाट घालू नका. तागाचे धागे टाक्यांत अडकतात आणि गोणपाट ओल सोडत नाही.

आणि माश्या. याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण पावसाळ्यात जखम बिघडण्याचे जंतूंइतकेच मोठे कारण मी माशीत बघतो. हिरवट-निळी चमकणारी माशी ओल्या, वास येणाऱ्या जखमेच्या कडेला अंडी घालते. पांढरी, तांदळाच्या कणीसारखी, एकाला एक चिकटून. दमट उबेत ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या मांस खात खोल शिरतात. आज संध्याकाळी जखम ठीक होती आणि परवा सकाळी त्यात भोके, रक्ताळ पाणी आणि कुजका वास, असे खरेच होते. स्वच्छ, कोरडी, नीट जुळलेली जखम माशीला सहसा आवडत नाही. चाटून ओली केलेली फार आवडते. म्हणजे कॉलर माशीपासूनही वाचवते. लहान बाळाची घडीची मच्छरदाणी असते ना, ती सोनीच्या अंथरुणावर घाला. लहान कुत्र्याला ती उत्तम बसते, आणि वीज गेली की पंख्यावर अवलंबून राहावे लागत नाही. खोली फिनेलने पुसत असाल तर पूर्ण वाळेपर्यंत सोनीला आत आणू नका. माश्या पळवणारा जनावरांचा स्प्रे डॉक्टरांना विचारून जखमेच्या भोवती मारता येतो. कणीसारखी अंडी दिसली तर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने लगेच उचलून काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन ओतू नका. पाठीवरच्या किंवा पायाच्या जखमेत डॉक्टर ते जपून वापरतात, पण पोटाच्या शिवलेल्या जखमेतून ते आत उतरले तर अळीपेक्षा मोठे संकट होते.

हालचालीचे दोन शब्दांत सांगतो: दहा-बारा दिवस बांधून ठेवायची. आपल्या कुत्र्यांना हे जड जाते, कारण त्यांना काम असते. माडावर वानर आले की सोनी गडगा ओलांडून धावणारच, आणि पोटाला सगळ्यात जोराचा ताण त्या उडीतच पडतो. वानरांच्या वेळा तुम्हाला ठाऊक असतील. तेवढा वेळ तिला आतल्या खोलीत दार लावून ठेवा. पायऱ्या चढताना-उतरताना पोटाखाली हात देऊ नका, टाक्यांवरच दाब येतो. एक हात छातीखाली आणि एक मांड्यांमागे घेऊन उचला.

गणपतीत घर भरते. मुंबईचे चाकरमानी येतात, मुले येतात, फटाके आणि टाळ-मृदंग रात्रभर. घाबरलेले कुत्रे कुठेही उडी मारते. पाहुणे यायच्या आधीच सोनीची खोली ठरवा आणि मुलांना सांगा की ती आजारी आहे, खेळायचे नाही. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावा: पंचखाद्यातले मनुके-बेदाणे तिच्या तोंडी जाऊ देऊ नका. मनुक्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती मनुके बाधतील ते आधी सांगता येत नाही. ऑपरेशनची औषधे चालू असताना तर नकोच.

जेवण साधे ठेवा. मऊ भात, उकडलेले अंडे, काटे काढलेला उकडलेला मासा किंवा चिकन. कालवणाचा भात नको, त्यात कांदा असतो आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुक्या मासळीत मीठ फार, तीही थांबवा. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस शी न होणे नेहमीचेच आहे, पोट रिकामे असते. पण पाचव्या दिवशीही नसेल किंवा कुंथत असेल तर उद्या जाल तेव्हा सांगा.

दुखत असेल असे वाटून घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंड जाते, पॅरासिटामॉल थोडी जास्त झाली तर यकृत जाते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ सालीच बंद झाले. ते औषध दिलेली गुरे मेल्यावर त्यांना खाऊन गिधाडे मेली, म्हणून. आपल्याकडे म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडे वाचवायची जी धडपड झाली तिच्यामागे हेही एक कारण होते. कुत्र्याच्या मूत्रपिंडालाही ते मानवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दुखण्यावर बहुधा मेलॉक्सिकॅम हे औषध दिले असेल. ते वजनावर मोजून, जेवणानंतर, सांगितले तितकेच दिवस. कुत्री उलट्या करत असेल किंवा पाणीच पीत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. अँटिबायोटिक दिले असेल तर ते मध्येच सोडू नका, आणि दिले नसेल तर मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

गोचिडीचा उल्लेख वर आला, त्यावरून एक महत्त्वाचे. गोचीडतापात कुत्र्याच्या रक्तातल्या रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. वरून कुत्रे धडधाकट दिसते आणि ऑपरेशननंतर टाक्यांतून रक्त झिरपत राहते. सोनीच्या पोटावर जखमेपासून दूर जांभळे डाग पसरत असतील, हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसत असतील, नाकातून रक्त आले असेल, तर रक्ततपासणी लगेच हवी. ज्यांच्या कुत्र्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे त्यांनी ही तपासणी आधीच करून घ्यावी, आणि घरच्या कुत्र्याचे असेल तर शक्यतो दिवाळीनंतरचा महिना धरावा. त्या महिन्यांत हवा कोरडी असते, माश्या कमी असतात. मात्र कुत्रीला आधीच गर्भाशयात पू झाला असेल तर महिना बघत बसू नये.

कधी वेळ न दवडता निघायचे? हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगत चालले, कुत्री उठत नाही किंवा अंग गार लागते: हा आतला रक्तस्राव असू शकतो आणि तो बाहेरून एक थेंबही दिसत नाही. टाक्यांतून रक्ताची धार लागली किंवा थेंब अर्ध्या तासानेही थांबत नाहीत. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला; कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते, १०० ते १०२.५ पर्यंत काही बिघडलेले नसते, आणि ते थर्मामीटर गुदद्वारात लावून मोजायचे. एक दिवसभर काहीच खाल्ले नाही आणि उलट्या आहेत. किंवा जखमेतून गुलाबी, ओले काही बाहेर आले. ते आत ढकलू नका. मिठाच्या त्याच पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका, वरून सैलसर चादर गुंडाळा, कॉलर घालून निघा. गुहागरहून चिपळूण गाठायला पावसात वेळ लागतो आणि दाभोळकडे नेणारी धोपाव्याची फेरीबोट रात्री उशिरा नसते, म्हणून निघण्याआधी फोन करून डॉक्टर आहेत ना, हे विचारा. तो नंबर आजच दारामागे लिहून ठेवा.

नर कुत्र्यांचेही प्रश्न येतात, म्हणून थोडक्यात. नराची जखम लहान, अंडकोशाच्या जरा पुढे असते. आत काही नसताना पिशवी चार-पाच दिवस सुजलेली दिसते आणि घरच्यांना वाटते की ऑपरेशन झालेच नाही. ती सूज उतरते. पण पिशवी काळी-निळी, ताठ आणि रोज मोठी होत असेल तर आत रक्त साठते आहे; बहुधा धावल्यामुळे. दाखवून आणा. आणि नराला पुढचा महिना-दीड महिना माजावरच्या मादीपासून दूर ठेवा, साठलेले बीज तितके दिवस राहू शकते.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे. कातडीचे टाके दहा ते चौदा दिवसांत काढतात; सोनी चाटत होती आणि हवा दमट आहे, तेव्हा डॉक्टर बहुधा चौदाव्या दिवसाकडे झुकतील. तो दिवस गणपतीच्या अगदी तोंडावर येतो, म्हणून दवाखाना उघडा असेल ना ते आत्ताच विचारून घ्या. घरी ब्लेडने टाके काढू नका. गाठीच्या चुकीच्या बाजूला कापले तर बाहेरचा मळका धागा कातडीतून ओढला जातो. टाके काढल्यावर भोके बुजायला तीन दिवस द्या, मग अंघोळ. कॉलरही तेवढे तीन दिवस राहू द्या. समुद्रावर दोरीला धरून चालणे आणखी आठवड्याने सुरू करा. लाटांत सोडणे, बॉलमागे धावणे, वाळूत लोळणे हे ऑपरेशनपासून पूर्ण एक महिना झाल्यावर, आणि त्याआधी पोटावरची रेघ डॉक्टरांनी एकदा हाताने चाचपून बघितलेली असावी. तोवर तिची भूक वाढलेली दिसेल, कारण नसबंदीनंतर शरीराला अन्न कमी लागते पण खाण्याची इच्छा वाढते. भात आधीपेक्षा पाव हिश्श्याने कमी करा.